जाळीवरचे चनबसप्पा

देणगी मागणं ही कला आहे आणि सोलापुरातल्या आमच्या भवानी पेठेत ती फक्त मला येते! समोरचा माणूस किती देईल, केव्हा देईल आणि दिल्यावर किती वर्षं ऐकवेल, हे मी त्याच्या दारात चपला काढता काढता सांगतो. म्हणून तर शाळकरी मुलामुलींच्या आमच्या व्हॉलीबॉल क्लबचा चिटणीस मी आहे. मला स्वतःला सर्व्हिस जाळीपलीकडे टाकता येत नाही, हा भाग वेगळा.

यंदा जाळी इतकी फाटली, की चेंडू वरून गेला की मधून, यावरच भांडणं व्हायची. मी सरळ चादरींचे व्यापारी सिद्रामप्पा यांचं दुकान गाठलं. त्यांची नात शिवानी आमची कॅप्टन.

"अण्णा, क्लबला एक जाळी द्या. वर तुमच्या वडिलांचं नाव घालू."

"नुसतं नाव? फोटो न्हाय बसत व्हय?"

"जाळी तुमची, वडील तुमचे. हवं ते बसवा!"

बसवलं की! मधोमध चादरीत विणलेले कै. चनबसप्पा! फेटा, विभूती, मिशा, सगळं टॉवेलाएवढं. आणि सोलापुरी चादरीचा गुण असा, की मागच्या बाजूला रंग उलटे होतात. म्हणजे एकीकडून मायाळू आजोबा आणि दुसरीकडून निगेटिव्हमधून निसटलेलं, अमावास्येला भेटावं असं काहीतरी!

"सर, यातून पलीकडचं दिसत नाही," आमच्या कोच वैजयंती मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, फुकटच्या जाळीतून आरपार बघू नये!"

सिद्रामप्पांनी जाळीला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मुली ओळीनं पाया पडल्या. घोळ तिथंच झाला, पण तेव्हा मी दुसरा पेढा खात होतो.

रविवारी मंगळवेढ्याच्या मुलींशी सामना होता. जिल्ह्याचा संघ निवडणारे पाहुणे बघायला येणार होते. पुढच्या वर्षी शिवानी वयात बसणार नव्हती. "काका, आज नाही झालं तर संपलं," ती सकाळीच म्हणाली होती. सिद्रामप्पा पहिल्या रांगेत, वडिलांच्या अगदी समोर.

पहिल्याच उंच चेंडूवर शिवानी झेपावली आणि तिचा फटका सणसणत बसला तो थेट चनबसप्पांच्या नाकावर! चेंडू अजून खेळातच होता. मागच्या मुलींनी तो उचललाही. पण शिवानी? चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो तसं तिनं जाळीला हात लावला आणि छातीशी नेला. शिट्टी! खेळ चालू असताना जाळीला हात लागला की गुण समोरच्यांना.

"शिवानी, काय करतेस?" मॅडम ओरडल्या.

"मॅडम, पणजोबा आहेत की ते!"

मग काय, साथच आली! चेंडू लागला की नमस्कार, नमस्कार झाला की शिट्टी! मंगळवेढ्याच्या पोरींचं या घराण्याशी काही नातं नव्हतं. त्या खुशाल आप्पांच्या फेट्याला घासून फटके मारत होत्या. शेवटी शिवानीनं मारणंच सोडलं. चेंडू नुसता पलीकडे सरकवायची, शेजाऱ्याकडे वाटी द्यावी तसा. पाहुण्यांनी पेनाला टोपण लावलं. शिवानीनं ते पाहिलं आणि बाहीनं डोळे पुसले.

मी सिद्रामप्पांकडे धावलो.

"अण्णा, आप्पांना जरा खाली उतरवू का?"

"का? बरं दिसतंय की!"

"पोरगी मारेना हो! त्यांना लागेल म्हणून!"

सिद्रामप्पा उठले. मागं खुर्ची कलंडली.

"शिवाने! मार गं! मला लई हाणलंय त्यांनी! त्यांना काय होत न्हाय!"

सगळं मैदान हसलं. शिवानी हसली नाही. तिनं पदराआडून बघावं तसं एकदा जाळीकडे पाहिलं आणि पुढच्या चेंडूवर असा फटका मारला, की मंगळवेढ्याची चेंडू अडवणारी लिबेरोच बाजूला झाली! सामना आम्ही हरलोच. पण तोवर पेनाचं टोपण निघालं होतं.

"मुलगी घेतो," पाहुणे म्हणाले. "शिबिर परगावी आहे. राहावं लागेल. सोडाल ना?"

शिवानी आजोबांकडे बघत उभी. सिद्रामप्पा जाळीकडे.

"माझी धाकटी भैन, गंगम्मा. सगळ्या गल्लीत तिच्यावानी कोण पळत नव्हतं. आप्पांनी तिला गल्लीच्या तोंडापतोर सोडलं न्हाय कधी."

संपलं, मी मनात म्हटलं.

"म्हणून तर त्यांना हितं मधोमध टांगलं. आता बघू देत की, हलता येत न्हाय!" मग ते नातीकडे वळले. "जा बाळ. स्वेटर घे."

कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. आभार! खिशात भाषण तयार होतं. त्यातली दोन पानं 'कै. चनबसप्पांचं मुलींच्या खेळावरील निस्सीम प्रेम' या विषयावर होती. सिद्रामप्पा हात जोडून, मोठ्या अपेक्षेनं माझ्याकडे बघत होते.

मी घसा खाकरला, आणि म्हणालो, "चहा तयार आहे!"