रत्नाबाईंचं घर पडलं त्याची गोष्ट

अवधूतने रत्नाबाईंचं घर शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पाडलं आणि तो चहा प्यायला गेला.

पाडलं म्हणजे संगणकावर. सर्जापूर रोडवरच्या त्याच्या ऑफिसात हेच काम चालायचं. कुठे वादळ झालं, पूर आला, की उपग्रहाचे फोटो यायचे. ते मोठे करून एकेक छप्पर बघायचं. धड असेल तर हिरवा ठिपका, मोडलं असेल तर लाल. लाल ठिपक्यांची यादी मदत वाटणाऱ्या संस्थेकडे जायची.

शहरापलीकडच्या देवनहळ्ळीला मंगळवारी गारांचं वादळ झालं होतं. गुरुवारच्या फोटोत किल्ल्याजवळच्या एका गच्चीवर निळी ताडपत्री दिसत होती. ऑफिसचा नियम असा, की छप्पर उडालेला माणूस पहिल्यांदा निळी ताडपत्री टाकतो, म्हणून निळं दिसलं की लाल द्यायचा. या ताडपत्रीवर तर पांढरे ठिपकेही होते, शेकड्यांनी. अवधूतने डोळे बारीक केले आणि लिहून टाकलं, 'छपराचे तुकडे विखुरलेले. पूर्ण नुकसान.'

चहाला तो एकटाच गेला. नागपूरहून येऊन दोन वर्षं झाली तरी तो सगळीकडे एकटाच जायचा. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव त्याला कुरिअरवाल्याकडून कळलं होतं. वरून गावंच्या गावं बघणाऱ्या या पठ्ठ्याला खाली एकाचंही दार वाजवता येत नव्हतं. शनिवार-रविवार तोंड बंद असल्यामुळे सोमवारी पहिलं 'गुड मॉर्निंग' म्हणताना त्याला खाकरावं लागे.

परत येतो तर टीम लीड नीलिमा मॅडम त्याच्याच खुर्चीशेजारी उभ्या.

"अवधूत, हा देवनहळ्ळीचा रेड काय आहे? आजूबाजूची पन्नास घरं ग्रीन आणि मधलं एकच पडलं? गारा काय पत्ता विचारत आल्या होत्या?"

"ताडपत्री आहे ना मॅडम. आणि तुकडे पण आहेत."

"उद्या जाऊन बघून ये. फील्डची माणसं सगळी कोलारला गेलीयेत. घर ठीक असेल तर मालकाची सही आण, 'नुकसान नाही' म्हणून. या महिन्यात तुझे दोन चुकलेत. तिसरा चुकीचा गेला ना, तर तुझं कन्फर्मेशन मी नाही वाचवू शकणार. आणि तसंही, तुला वीकेंडला काय काम असतं?"

हे शेवटचं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

शनिवारी तीन बस बदलून, पावणेतीन तासांनी तो देवनहळ्ळीला पोचला. घर ठणठणीत उभं होतं. गच्चीवर पंचाहत्तरीच्या एक बाई हातात काठी घेऊन कावळे हाकलत होत्या.

"यारु? मीटर बघायला आलास काय?" त्यांनी वरूनच कानडीत विचारलं.

यारु म्हणजे कोण, एवढं कानडी अवधूतला येत होतं. पण उत्तर मराठीतच निघालं. "नाही आजी. तुमचं घर पडलंय."

"आमचंच मराठी बोलतोस की रे! कुठलं घर?"

"हेच."

रत्नाबाईंनी मान वळवून आपल्या घराकडे नीट पाहिलं. "सरी, सरी, बरं. मग आत ये. उन्हात कशाला उभा राहतोस?"

गच्चीवर गेल्यावर सगळा उलगडा झाला. निळ्या ताडपत्रीवर साबुदाण्याचे संडिगे, म्हणजे आपल्याकडच्या पापड्या, वाळत होते. पांढरेशुभ्र, गोल, रांगेत.

"हे छपराचे तुकडे..." अवधूत पुटपुटला.

"तोंड संभाळ! संडिगे आहेत. अभिमन्यूला आवडतात म्हणून घातले. माझा मुलगा. तो सर्जापूर रोडला असतो."

"मीपण तिथूनच आलो."

"मग तू तीन तासांत पोचलास की! तो आठ महिने झाले, अजून वाटेतच आहे."

अवधूतने घाईघाईने सहीचा कागद पुढे केला. तेवढ्यात रत्नाबाईंचा फोन वाजला. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे तो कायम स्पीकरवर असायचा.

"आई! आई, तू बरी आहेस ना? घर पूर्ण पडलं म्हणून मेसेज आलाय मला! निघालोय आम्ही, संयोगितापण आहे. हेब्बाळला ट्रॅफिकमध्ये अडकलोय!"

लाल ठिपका दिला की दुसऱ्या दिवशी घराच्या नोंदीतल्या नंबरवर मेसेज आपोआप जातो, हे अवधूत साफ विसरला होता.

रत्नाबाई म्हणाल्या, "मी बरी आहे रे बाळा. सावकाश ये." आणि फोन ठेवला.

"आजी, घर उभं आहे ते सांगितलं नाहीत?"

"तो विचारला कुठं?"

"बरं, इथे सही करा. मी फोनवरूनच हिरवा करतो. त्यांना लगेच 'नुकसान नाही' असा मेसेज जाईल, म्हणजे काळजी मिटेल."

रत्नाबाईंनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "मेसेज गेला की तो हेब्बाळवरनं मागं वळणार."

"छे हो! आता इतके जवळ आलेत, तर येतीलच की."

"तुझी आई कुठं असते?"

"नागपूरला."

"घर उभं आहे तिचं?"

"हो."

"मग कधी गेलास शेवटचा?"

अवधूतने मनातल्या मनात महिने मोजले. चौदा झाले. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"तो दारात आल्यावर सही," रत्नाबाई म्हणाल्या. "तोवर स्वल्प जेव. मग संडिगे उलटायचे आहेत."

दीड तासाने अभिमन्यू बायको संयोगितासह आला तो दोन ब्लँकेटं, टॉर्च आणि पाण्याचे चार कॅन घेऊन. धड उभ्या घरासमोर तो हे सगळं काखोटीला मारून तसाच उभा राहिला.

"कुठल्या गाढवानं पाठवला तो मेसेज?" तो ओरडला.

"मी," अवधूत म्हणाला. त्याच्या तोंडात तळलेला संडिगा होता.

अभिमन्यू धपकन पायरीवर बसला आणि त्याने आईचा हात घट्ट धरला. वाटेत त्याच्या मनात काय काय येऊन गेलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. रत्नाबाईंनी मग दुसऱ्या हाताने, एकेक अक्षर घोटत सही केली. अवधूतने हिरवा ठिपका दिला आणि अभिमन्यूच्या खिशात मेसेज वाजला, 'आपले घर सुरक्षित आहे.'

निघताना रत्नाबाईंनी अवधूतच्या हातात संडिग्यांची पिशवी कोंबली आणि हळूच विचारलं, "ते वरचं यंत्र परत कधी जातं रे?"

"पंधरवड्यानं. गुरुवारी, सकाळी साडेदहाला."

पंधरवड्यानंतर ना वादळ होतं, ना पाऊस. फोटो आला तेव्हा अवधूतने देवनहळ्ळी उघडून ती गच्ची शोधली. निळी ताडपत्री अंथरलेली होती. संडिगे नव्हते. नुसती ताडपत्री, आणि तिच्या कडेला एकच बारीक काळा ठिपका. माणूस उन्हात उभा असला की असा दिसतो.

लाल देता येत नव्हता. त्याने हिरवाच दिला. मग नागपूरचा एक जुना फोटो उघडून आपल्या आईचं छप्पर शोधलं. त्यावर काहीच नव्हतं. तेही हिरवंच होतं, आणि हिरव्या घरी कोणी बघायला जात नाही, हाही ऑफिसचा नियमच होता.

संध्याकाळी नीलिमा मॅडम त्याचा रजेचा अर्ज हातात घेऊन आल्या. "उद्या एक दिवस देवनहळ्ळी, पुढचा अख्खा आठवडा नागपूर. ठीक आहे. पण कारणाच्या रकान्यात हे काय लिहिलंयस? 'घर उभं आहे'?"

"हो मॅडम," अवधूत म्हणाला. या वेळी त्याला खाकरावं लागलं नाही. "तेच कारण आहे."