मास्तरांची सात किलोमीटरची वाट

“आयुष्यभर मापं घेतली मी. वाटेचं माप घ्यायला मला पोस्टमन लागतो होय?”

असं म्हणून शिंपीमास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि कापड बेतायच्या टेबलावर नकाशा असा काही पसरला, जणू पृथ्वीलाच सदरा शिवायचा होता! समोर मेहुणा उभा होता. हा पोस्टमन, तीस वर्षं रोज पायी हिंडलेला माणूस. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की दाजी, थंडीतली डोंगरवाट आहे, दिवस लहान, नकाशा एकदा मलाही बघू द्या. पण मास्तरांच्या टेबलावर जे आलं, ते मास्तरांच्या अखत्यारीत आलं. तिथे देवालाही माप घ्यायची मुभा नव्हती.

सहलीचं वचन तसं जुनंच. मास्तरांची बायको चोवीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत काजं-बटणं करत होती. तिचं मागणं फार नव्हतं: हिवाळ्यात दोन दिवस, मशीनची खडखड ऐकू येणार नाही अशा आडरानात, दोघांनीच चालायचं. मास्तरांनी हे वचन तीनदा दिलं आणि तीनदा मोडलं. एकदा आभाळ आलं म्हणून, एकदा नवा बूट चावला म्हणून, आणि एकदा कुणीतरी सांगितलं की तिकडे चढ आहे! माणूस लाखमोलाचा, पण अडचणीचा वास आला की गोगलगाईसारखा आत. यंदा बायकोने मागणंच सोडून दिलं होतं, आणि ते मास्तरांना सुईसारखं टोचत होतं.

म्हणून या वेळी चोख बेत. दुपारी बाराला बस पुलापाशी सोडणार, तिथून पायवाट, आणि वाटेच्या टोकाला तळ्याकाठी एक छोटी खानावळ, वर राहायची खोली. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, एका सेंटिमीटरला एक किलोमीटर. मास्तरांनी टेप उभी धरून वाटेच्या वळणावळणावरून अशी फिरवली, की नवरदेवाच्या कोटाची कॉलरही इतक्या मायेने मोजली नसेल.

“सात! बरोबर सात. दोन तासांची वाट. कपड्यात मी दोन बोटं जास्त सोडतो, तसा इथे अर्धा तास जास्त धरू.”

लगेच खानावळीला फोन गेला: चहा अडीचला हवा, खिडकी तळ्याकडची हवी. मेहुणा मान हलवत निघून गेला. बायकोने नकाशाची घडी घालता घालता तो जरा वेळ निरखला, टेप हातात घेतली, परत ठेवली, आणि भावाकडे जाऊन येते म्हणाली. आली ती हसतच.

“जाऊ या,” म्हणाली.

झालं! मास्तरांना स्फुरण चढलं. त्यांनी स्वतःसाठी अकरा खिशांचा कोट शिवला. प्रत्येक खिशात काहीतरी: मेणबत्ती, सुईदोरा, शिट्टी, खोकल्याच्या गोळ्या. मास्तर चालायला लागले की भांड्यांचं दुकान निघाल्यासारखं वाटे. टेप गळ्यात होतीच. ती ते आंघोळीपुरतीच काढत.

पुलापासून निघाले तेव्हा गवतावरचं दहिवर सावलीत अजून पांढरं होतं. आवाज म्हणाल तर फक्त पायांचा आणि मास्तरांच्या खिशांचा. बायको मधेच थांबायची आणि डोळे मिटून काहीच नसलेलं ते ऐकत राहायची. मास्तर घड्याळ बघायचे. अडीच तास झाले आणि वळणावर एक दगडी घर दिसलं!

“बघ! सात म्हणजे सात.”

दारातली बाई म्हणाली, “या, वाटच बघत होते,” आणि त्यांना थेट खोलीत घेऊन गेली. मास्तरांनी मोठ्या थाटात खिडकी उघडली. बाहेरून एका मेंढ्याने आत डोकं घातलं.

“बाई, आम्ही तळ्याकडची खिडकी सांगितली होती. हा मेंढा सांगितला नव्हता.”

“मेंढा असतोच. तळं अकरा किलोमीटर पुढे.”

मास्तर खवळले. नकाशा, नकाशा काढणारे, तळं, सगळ्यांचा उद्धार झाला. तळं आटलं असणार इथवर मजल गेली. घरमालकीण चहाच्या निमित्ताने सटकली. तेव्हा बायकोने त्यांच्या गळ्यातली टेप अलगद काढली, उलटी केली आणि नकाशावर धरली. अठरा. जन्मभर टेपची इंचांची बाजूच बघणाऱ्या माणसाने सेंटिमीटरचा नकाशा इंचांत मोजला होता!

मास्तर खाटेवर बसले. अकराही खिसे एकदम वाजले.

“तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. भावाने इथला फोन मिळवून दिला. आज इथे मुक्काम, उद्या तळं. खानावळीला कळवलंय. गिऱ्हाइकांनाही एक दिवस पुढचा सांगितलाय. जास्तीचं सोडायचं तुम्हीच शिकवलंत ना?”

“मग मला का नाही बोललीस?”

“अठरा ऐकून तुम्ही निघाला असता?”

“नसतो निघालो,” मास्तर म्हणाले. माणूस प्रामाणिक.

तेवढ्यात चहा आला, आणि चहामागून घरधनी. टेप बघून त्याचा चेहरा उजळला. त्याच्या हातात तीन पँटी होत्या. दोन इंच उंची कमी करायची होती, म्हणे, इथे शिंपी कुठला मिळायला! बायको सवयीने उठली. मास्तरांनी तिला खांदे धरून बसवलं.

“तू बस. तू सुट्टीवर आहेस.”

मग ती उंबऱ्यावर उन्हात चहा घेत बसली, मेंढा तिच्या शेजारी, आणि मास्तर खिशातला सुईदोरा काढून दिवस मावळेपर्यंत टाके घालत राहिले. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच ती बसली होती आणि ते तिच्याकडे बघत शिवत होते.

सकाळी घरधनी नवी पँट घालून निरोप द्यायला आला. पँटचे पाय अजून बुटांवर लोळत होते. बायकोने आदल्या दिवशी उलटी केलेली टेप मास्तरांनी तशीच वापरली होती, आणि दोन इंचांऐवजी दोन सेंटिमीटर कापड दुमडलं होतं! तिन्ही पँटींना.

बायकोने टेप गुंडाळली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

पुढे मास्तर मोकळ्या गळ्याने चालले. वाटेत चार वेळा त्यांनी विचारलं, अजून किती राहिलं.

चारही वेळा ती म्हणाली, “सात.”

आणि मास्तर खिसे वाजवत चालत राहिले.