आज कोणी आजारी पडायचं नाही!

या हो, जरा पुढे सरकून बसा. बुवांचं कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तोवर आमच्या नांदगावच्या सुभेदार मल्हारीरावांनी डॉक्टरची भरती कशी केली, तेवढं ऐकून घ्या!

मल्हारीरावांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. पण अजून घरची मांजरसुद्धा त्यांच्यासमोरून जाताना डावा पाय आधी टाकते! तर काय झालं, माजी सैनिकांच्या दवाखान्यात नऊ महिने डॉक्टरच नव्हता. रक्तदाबाच्या साध्या गोळीसाठी ऐंशीच्या म्हाताऱ्यांना रेल्वेने थेट देवळाली गाठावी लागे. त्यात महिनाअखेरपर्यंत डॉक्टर मिळाला नाही तर दवाखान्याला कुलूप, असं पत्र आलेलं. अशात हर्षाली नावाची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली डॉक्टर जागा बघायला यायची ठरली.

"रुजू करूनच सोडतो तिला!" मल्हारीरावांनी मिशीवरून हात फिरवला. "शेकडो पोरं भरती केलीत मी!"

"ती पळत यायची. ही पळून जाईल," त्यांच्या कारभारीण लताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

मल्हारीरावांनी मग डोकं चालवलं. रोग्यांची गर्दी बघून पोर घाबरायची! लगेच घरोघर फर्मान सुटलं, "उद्या झाडून सगळे हजर! बूट चकचकीत, छातीवर पदकं. आणि कोणी आजारी पडायचं नाही!"

फौजी माणसं ती! दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात, काठ्या लिंबाच्या झाडामागे लपवून सगळे तीन रांगांत ताठ. खोकला आला तर प्रसादासारखा गिळत होते!

हर्षाली एकेकाला विचारू लागली.

"गुडघे दुखतात का, आजोबा?"

"नाय, साहेब!"

"साखर?"

"च्यात बी नाय, साहेब!"

"झोप लागते?"

"हुकूम झाला की लगेच!"

तिने स्टेथोस्कोप पिशवीत टाकला. "काका, ही मंडळी माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत! माझी गरज असेल तिथे जाते मी."

राम कृष्ण हरी! मल्हारीराव गरजले, "पलटण! आजारी... पड!"

आणि काय सांगू! पहिली रांग एका ठेक्यात खोकली, दुसरीने एकदम गुडघे धरले, तिसरी कंबर धरून खालीच बसली! रस्त्यावरून चाललेल्या भागीबाईने भाजीची पाटी टाकली आणि बोंब ठोकली, "अगं बया! इषबाधा झाली गं!" निम्मा बाजार धावत आला.

हर्षाली लालबुंद. "माझी थट्टा चालवलीय?" ती तरातरा निघाली.

पण मागच्या रांगेतले एकटे फकिराबाबा जागचे हलले नव्हते. वय त्र्याऐंशी, तोफखान्यात कान गेलेले. दुसरा हुकूम त्यांना पोचलाच नव्हता! ते सावधानमध्येच उभे. घामाने सदरा चिंब, धाप लागलेली, आणि पाय इतके सुजलेले की बुटांचे बंद बांधताच आले नव्हते.

हर्षाली थांबली. धुळीत बसून तिने स्वतः त्यांचे बूट काढले आणि कानाशी जाऊन ओरडली, "बाबा, कधीपासून हे?"

"तीन महिने झाले, बेटा. पन आज आजारी पडायची परवानगी नाय."

लिंबामागच्या काठ्या एकेक करून बाहेर आल्या!

मग डॉक्टरांचा हुकूम सुटला. "सुभेदार काका, खुर्ची! गाडी बोलवा, यांना आत्ताच्या आत्ता नाशिकला न्यायचंय. बाकीच्यांनी रांग लावा, आणि आता खरं बोला!" संध्याकाळपर्यंत ती तपासत होती. उठताना एवढंच म्हणाली, "इतकं निमूट सोसणाऱ्यांना डॉक्टर नको, तर कोणाला हवा? सोमवारपासून येते मी."

आठव्या दिवशी फकिराबाबा हसत परतले. मल्हारीरावांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटून आमटीत पडलं!

"बघितलंस? केली की नाही भरती?"

"केली ना," लताबाई बटण काढत म्हणाल्या. "पण ज्याला तुमचा हुकूम ऐकूच गेला नाही, त्यानं!"

मंडळी, देवापुढे दिवा लावाल तेव्हा आमच्या फकिराबाबांच्या आयुष्यासाठीही हात जोडा. आणि त्यांच्या कानाशी बोलायचं झालं तर, जरा मोठ्यानं!