अ तुकडीचा ओंडका

एका जंगलात एक शाळा होती, मुलांनो. जंगल तसं चांगलं होतं.

शाळा तळ्याकाठी भरायची. तिच्या तीन तुकड्या होत्या. क तुकडी बाभळीखाली धुळीत बसायची. ब तुकडी काठावरच्या खडकावर बसायची. आणि अ तुकडी बसायची तळ्यात तरंगणाऱ्या एका लांबलचक, खरबरीत, हिरवट ओंडक्यावर. जंगलातल्या सगळ्या आयांचा जीव त्या ओंडक्यात अडकला होता.

अ तुकडीत सारख्या जागा रिकाम्या व्हायच्या. दर आठवड्याला दोन-तीन पिल्लं कमी व्हायची. "वरच्या वर्गात गेली," असं बगळे गुरुजी सांगत. इतकी भराभर वर जाणारी तुकडी कुठल्या आईला नको असेल?

टिटवीलाही हवी होती. टिटवीचं तुम्हाला माहीतच आहे. ती पाय वर करून झोपते. आभाळ पडलं तर आपणच तोलायचं, अशी तिची समजूत. त्यात आता तिला एक लेक होती, ठिपकी. म्हणजे एकीकडे आभाळ आणि एकीकडे ठिपकीचं शिक्षण. पाय मात्र दोनच.

टिटवी स्वतः शिकलेली होती. याच शाळेत, ब तुकडीत. ते तिला आयुष्यभर डाचत होतं. तिच्या वेळच्या अ तुकडीतलं कोणीही तिला पुढे कधी भेटलं नाही. कुणाच्या लग्नात नाही, पाणवठ्यावर नाही. फार मोठे झाले असतील, आपल्याला कशाला ओळख दाखवतील, असं म्हणून ती पिसं विंचरत बसे.

अ तुकडीत जायचं तर निबंध लिहावा लागे. विषय दरवर्षी एकच, 'आमच्या शाळेचा ओंडका'. सुरुवात गुरुजी फळ्यावर लिहून देत. शेवटही लिहून देत, 'अशा या ओंडक्याला माझे शतशः प्रणाम.' पिल्लांनी फक्त मधला परिच्छेद लिहायचा.

"मधला परिच्छेद म्हणजे निबंधाचं पोट," गुरुजी एका पायावर उभे राहून सांगत. "आधी एक विधान करा. मग त्याला तीन आधार द्या. आणि प्रत्येक आधाराने विधान कसं सिद्ध होतं, ते उलगडून सांगा. आधाराशिवाय विधान म्हणजे नुसता चिखल!"

शिकवणं अगदी बरोबर होतं. घोटाळा इतकाच झाला, की ठिपकीने ते ऐकलं.

बाकीची पिल्लं गेल्या वर्षीचे निबंध पाठ करत होती. ठिपकी आठवडाभर तळ्याकाठी बसून राहिली. मग तिने लिहिलं:

'आमच्या शाळेचा ओंडका हा ओंडका नाही. सोमवारी तो जांभळाखाली होता आणि मंगळवारी उंबराखाली होता. दोन्ही दिवशी वारा नव्हता. लाकूड वाऱ्याशिवाय जागा बदलत नाही. बुधवारी सकाळी अ तुकडीचे अकरा डबे आले. संध्याकाळी डबे अकराच होते, पण ते न्यायला पिल्लं दहा होती. वरच्या वर्गात जाणारा आपला डबा घेऊन जातो. शिवाय गुरुजी स्वतः ओंडक्यावर कधीच बसत नाहीत. ज्याला जागा चांगली वाटते, तो आधी स्वतः बसतो. म्हणून मला वाटतं, की या ओंडक्याला भूक लागते.'

दहापैकी दीड गुण मिळाला. त्यातला अर्धा अक्षराचा. समासात लाल शाईचे शेरे होते. वाऱ्यापाशी लिहिलं होतं, 'कोण म्हणाले?' डब्यांपाशी लिहिलं होतं, 'कोण म्हणाले?' गुरुजींपाशी लिहिलं होतं, 'विषयांतर.'

टिटवी वही घेऊन धावली.

"गुरुजी, तीन आधार दिलेत की हो तिने."

"कुठे आहेत आधार? हे सगळं तर तिने पाहिलंय."

"हो ना. पाहिलंयच."

"अहो बाई, पाहायला काय, बेडकालाही येतं. शिकलेला तो, जो थोरांचं वचन देतो." गुरुजींनी दुसरा पाय खाली टेकला आणि पहिला वर घेतला. "मुलगी हुशार आहे हो तुमची. पण घरून लक्ष कमी पडतंय."

झालं. या चार शब्दांनी वाघीणसुद्धा रात्रभर रडते. टिटवी तर काय, टिटवीच.

बाहेर साळुंकी उभीच होती. तिला सगळ्या जंगलाचे गुण पाठ असायचे.

"काय हो ठिपकीच्या मम्मी, दीडच? अगंबाई! आमच्या भुऱ्याला साडेनऊ. अर्ध्या गुणाने प्रतीक्षा यादीत गेला बिचारा. सात वचनं घातली होती मी. म्हणजे त्याने."

"त्याला कळतात का ती?"

"कळायला कशाला हवीत? लिहायची असतात."

घरी येऊन टिटवीने परिच्छेद पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. तिला तो पटला. हीच तर पंचाईत होती. पण आपल्याला पटतंय म्हणजे त्यात काहीतरी चुकत असणार, ब तुकडीवाल्यांचं हे असंच असतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"अहो, तुम्हाला काय वाटतं?" तिने टिटव्याला विचारलं.

"तुला योग्य वाटेल ते कर," टिटवा म्हणाला आणि किडे शोधायला गेला. या एका वाक्यावर जंगलातले कितीतरी संसार उभे आहेत.

मग तिने लेकीला शेजारी बसवलं आणि एकेक आधार खोडायला घेतला.

"पण आई, डबा उरतो ना गं."

"उरू दे. तू लिही. 'थोर कासव म्हणतात, तरंगतो तोच तारतो.'"

"असं कधी म्हणाले कासवआजोबा?"

"तीनशे वर्षांचे आहेत ते. कधीतरी म्हणाले असतीलच. पुढे लिही. 'घुबडांनी म्हटलेच आहे, ओंडक्यावाचून विद्या नाही.'"

"आणि तिसरं?"

तिसरं काही टिटवीला सुचेना. शेवटी तिने स्वतःच जुळवलं. 'बसे जो ओंडक्यावरी, यश येई त्याच्या घरी.' यमक जुळल्यावर तिला खोटं बोलल्यासारखं वाटेनासं झालं. यमकाचा हा मोठाच गुण आहे.

दहापैकी दहा! तिसरं वचन तर गुरुजींनी फळ्यावर लिहून काढलं आणि खाली लिहिलं, 'संतवचन'.

ठिपकीला अ तुकडीत प्रवेश मिळाला. "आई, मी नाही बसणार तिथे," ती म्हणाली. "बस गं माझी राणी," टिटवी म्हणाली. "दोन दिवसांत सवय होईल."

पहिल्या दिवशी सगळ्या आया काठावर थांबल्या होत्या. पिल्लं दगडादगडांवरून उड्या मारत ओंडक्यावर गेली. ठिपकी सगळ्यांच्या मागून गेली आणि शेपटीकडच्या, क्षमा करा, शेंड्याकडच्या टोकाला अंग चोरून बसली.

टिटवीने पिल्लं मोजली. अकरा.

मधल्या सुट्टीत डबे उघडले. ओंडक्याने जांभई दिली. पाण्यात छप् असा आवाज झाला.

टिटवीने पुन्हा मोजली. दहा.

रानउंदराचं धाकटं दिसत नव्हतं. त्याचा उघडा डबा तेवढा दिसत होता.

"साळुंकीताई, ते उंदराचं पोर कुठे गेलं हो?"

"वर गेलं वाटतं!" साळुंकीने कपाळाला पंख लावला. "पहिल्याच दिवशी! एकेकाचं नशीब बाई. उंदरिणीकडे आता पेढेच मागते मी."

अ तुकडीतलं कोणीच आपल्याला पुढे का भेटलं नाही, ते टिटवीला त्या क्षणी उलगडलं. तिने थोरांना विचारलं नाही. नवऱ्यालाही विचारलं नाही. तिने फक्त किंकाळी फोडली.

"ठिपके, पळ!"

ठिपकी जणू वाटच पाहत होती. एक दगड, दुसरा दगड, तिसरा दगड. ओंडक्याने एक डोळा उघडला. तोवर ती काठावर आईच्या पायांत शिरली होती.

"मगर आहे! ती मगर आहे हो! उतरवा पोरांना!" टिटवी ओरडत तळ्यावर घिरट्या घालू लागली.

गुरुजी भयंकर चिडले. "बाई, शाळा आहे ही! तुमच्या बोलण्याला काही आधार?"

"मी पाहिलंय!"

"पुन्हा तेच! पोरीला हे वळण कुणाचं, ते कळलं. प्रवेश रद्द करीन हं मी."

"करा!"

हे ऐकताच काठावरच्या सगळ्या आया टिटवीकडे धावत सुटल्या. टिटवीच्या जिवात जीव आला. तिला वाटलं, पटलं यांना.

"खरंच सोडताय ना जागा?" साळुंकी धापा टाकत म्हणाली. "तसं लेखी द्या बरं आधी."

"रांगेने घ्या! आमचा नंबर पहिला आहे," मुंगशिणीने तिला कोपराने ढकललं.

"भांडताय कशाला? दोन जागा झाल्यात की! उंदराची एक आणि हिची एक," मागून एक आई ओरडली.

भुऱ्या तर डबा घेऊन पहिल्या दगडावर पोहोचलासुद्धा. टिटवी त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. साळुंकीने तिला चोच मारली.

"हो बाजूला! जळतेस होय गं माझ्या लेकरावर?"

भुऱ्या ओंडक्यावर जाऊन बसला. मधोमध. तिथून फळा चांगला दिसतो.

टिटवी ठिपकीला घेऊन माळावर परत आली. मग ठिपकीने विचारलं, "आई, माझा पहिला परिच्छेद बरोबर होता ना गं?"

"बरोबर होता, बाळा. अक्षर न् अक्षर बरोबर होतं." टिटवीने तिला पंखाखाली ओढलं. ठिपकीचं काळीज तिच्या पोटाला धडधडताना लागत होतं.

मग टिटवीला राहवेना.

"फक्त आता क तुकडीत बसावं लागेल, तिथे तो कुणाला दाखवू नकोस हं," ती हळूच म्हणाली. "नीट वचनं घालून लिहीत गेलीस, तर दुसऱ्या सत्रात निदान ब तुकडी तरी मिळेल."

तात्पर्य: मुलांनो, परिच्छेदाला आधार नेहमी थोरांच्या वचनाचा द्यावा. स्वतः पाहिलेलं लिहून फार तर जीव वाचतो. आणि प्रवेश-अर्जात जीव आहे का, असं कुठेच विचारलेलं नसतं. टक्के विचारलेले असतात.