शून्यावर आणलेला काटा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी निरीक्षण-खोलीतल्या पडद्यावर गवत उगवलं आणि सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

गवत म्हणजे गोंगाट. बाहेर उतारावरची प्रचंड तबकडी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकत होती. तिला रात्रीची वाट बघावी लागत नाही, भर उन्हातही तिला आकाश ऐकू येतं. आज तिचं तोंड एका दीर्घिकेकडे होतं. दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथून निघालेल्या लहरी आत्ता इथे पोचत होत्या. त्या दीर्घिकेच्या पोटात कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं एक कृष्णविवर होतं आणि त्यात थंड वायू कोसळतोय, असं सुनेचं म्हणणं होतं. ते खरं असेल तर पडद्यावरच्या सरळ रेघेत एक खळगा दिसायला हवा. दोन वर्षं अर्ज करकरून तिला तबकडीचे सात तास मिळाले होते. चार वाजता दीर्घिका डोंगराआड जाणार होती. खळगा नाही दिसला तर प्रकल्प गुंडाळा, असं वरून पत्रच आलं होतं.

"बाबा, खाली गावात कुणीतरी काहीतरी चालू केलंय!"

बाबा म्हणजे तिचे सासरे आणि त्या दरीचे शांतता अधिकारी. तिला शुभेच्छा द्यायला ते नुकतेच आत आले होते. दरीत रेडिओ गोंगाट करणारी एकही वस्तू चालू राहू द्यायची नाही, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. मोबाइल बंद, बिनतारी घंटी बंद, लुकलुकणारी खेळणी बंद. गावानं त्यांचं नाव 'गप्पबसे' ठेवलं होतं आणि ते त्यांना मनातून आवडायचं. गोंगाटाचा उगम सापडला नाही तर त्या दिवसाचं सगळं निरीक्षण बाद, हा कडक नियमही त्यांचाच.

"तू बस निवांत. अर्ध्या तासात मुसक्या बांधून आणतो," ते म्हणाले.

त्यांनी भिंतीवरचं शोधयंत्र काढलं. एक छोटा अँटेना आणि काट्याची डबी. मोहिमेवर निघण्याआधी उभ्या जागी काटा शून्यावर आणायचा, म्हणजे तिथे आधीपासून असलेला गोंगाट मोजणीतून वगळला जातो, ही त्यांची शिस्त. काटा शून्यावर आला, ड्रायव्हरनं जीप काढली.

पहिली धाड बेकरीवर पडली. बेकरीवाल्यानं दाराला नवी बिनतारी घंटी बसवली होती. काटा थरथरला, घंटी लोखंडी पेटीत गेली. बेकरीतल्या तारेच्या फोनवरून त्यांनी वर विचारलं.

"थांबलं, बाबा! रेघ एकदम स्वच्छ!" सून ओरडली.

गप्पबसे मिशीला पीळ देत परत आले. खोलीत पाऊल टाकलं, तर पडद्यावर पुन्हा गवत.

"हरामखोर! मी वळलो की चालू करतो! कुणीतरी पाळत ठेवून आहे माझ्यावर," ते म्हणाले.

दुसऱ्या फेरीत शाळेतल्या बाईंचा बिनतारी तापमापक गेला. गेला तो गेलाच, वर 'विज्ञानाच्या माणसांनीच विज्ञान पळवलं' हे ऐकून घ्यावं लागलं. त्यानंतर न्हाव्याचं दाढीचं यंत्र जप्त झालं, तेही गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना. तो अर्ध्या दाढीचा गृहस्थ जीपमागे बराच वेळ धावला. दर वेळी फोनवर सून म्हणायची, थांबलं. दर वेळी गप्पबसे वर पोचले, की गवत हजर.

"साहेब, तुमचा दरारा बघा. तुम्ही नुसते खाली उतरलात तरी चोर गार पडतो," ड्रायव्हर म्हणाला.

गप्पबसे खूश झाले, पण घड्याळात अडीच वाजले होते. शेवटच्या फेरीत पुलाजवळ डबीतला सेल संपला. ड्रायव्हरला तसंही झाडीत जायचं होतं. जाताना तो डबी सोबत घेऊन गेला आणि सेल बदलून, साहेबांच्या शिस्तीप्रमाणे तिथेच काटा शून्यावर आणून परत आला. जीपपासून दहा पावलांवर काट्यानं उसळी मारली.

"साहेब, जरा डावीकडे सरका."

गप्पबसे सरकले. काटाही सरकला.

"आता उजवीकडे."

काटा उजवीकडे. ड्रायव्हरनं अँटेना हळूहळू वर नेला आणि साहेबांच्या उजव्या कानाशी काटा पार टोकाला जाऊन चिकटला. त्यानं आ वासला.

"साहेब, काखेत कळसा आणि..."

"पुढचं मला येतं," गप्पबसे म्हणाले आणि पुलाच्या कठड्यावर मटकन बसले.

दातांचं काम आहे असं घरी सांगून परवाच ते शहरात गेले होते आणि वाटाण्याएवढं कर्णयंत्र घेऊन आले होते. ते यंत्र सतत मोबाइलचा शोध घेत राहतं, हे दुकानदारानं कौतुकानं सांगितलं होतं. पण तेव्हा ते कानात नव्हतं, त्यामुळे ऐकू आलं नव्हतं. शांतता अधिकारी बहिरा झाला, हे कुणाला कळता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि दर फेरीला ते कानात घालूनच त्यांनी काटा शून्यावर आणला होता. अख्ख्या दरीतून त्यांनी फक्त स्वतःला वगळलं होतं.

"बंद करा आणि खिशात टाका, कुणाला कळतंय?" ड्रायव्हर हळूच म्हणाला.

मोह झाला, खोटं कशाला सांगा. पण उगम सापडला नाही, तर सुनेचे स्वच्छ तासही बाद होणार होते. त्यांनी यंत्र बंद करून काढलं. नदी गप्प झाली, ड्रायव्हरचे ओठ नुसते हलू लागले.

निरीक्षण-खोलीत शिरून त्यांनी तळहात पुढे केला.

"हा उगम! मी खोलीत होतो तेवढा वेळ खराब. मी नव्हतो तो सगळा चांगला. लिहून घे!" आपला आवाज किती मोठा येतोय, याचा त्यांना पत्ता नव्हता.

 सुनेनं कागद ओढून लिहिलं, 'कधीपासून?'

"तुझ्या लग्नाआधीपासून!"

'मग रोज जेवताना मी दीर्घिकेबद्दल सांगायचे ते?'

"हो हो म्हणायचो! काय असतं ते?"

ती हसली की रडली, हे त्यांना नीट कळलं नाही. तिनं भराभर बटणं दाबली. त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा धरून खराब तुकडे गाळले, स्वच्छ तुकडे एकावर एक रचले. गवत बसत गेलं. चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना रेघेच्या मधोमध एक खळगा उतरला. बारीक, पण ठाम.

तिनं लिहिलं, 'हा वायू. विवरात पडतोय. सेकंदाला दोनशे किलोमीटर.'

"आत्ता?"

'दोन अब्ज वर्षांपूर्वी. तेव्हा इथे माणूस नव्हता, झाड नव्हतं, कान असलेलं काहीच नव्हतं.'

गप्पबसे पडद्याकडे बघत राहिले. बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या घंट्या हिसकावल्या, शिव्या खाल्ल्या, त्या ह्या एवढ्याशा खळग्यासाठी, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं. सूर्यच्या सूर्य गिळणारं काहीतरी तिथे होतं, त्याच्या तोंडी जाणाऱ्या थंड वायूची खूण एवढी वाट तुडवून आली होती आणि त्यांच्या कानातल्या वाटाण्यापाशी अडली होती. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांना भीती वाटली, लाज वाटली आणि फार फार आनंद झाला.

दारात बेकरीवाला, बाई, न्हावी आणि अर्ध्या दाढीचा गृहस्थ जमले होते आणि चौघेही हातवारे करून भांडत होते. गप्पबसेंनी त्यांना आत बोलावलं, पडद्यासमोर रांगेत उभं केलं. सुनेनं खळग्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. एकेकाचा हात खाली आला.

चार वाजले. दीर्घिका डोंगराआड गेली. सून त्यांच्याजवळ आली आणि त्यांचा हात धरून काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. तिचे डोळे भरले होते. बेकरीवाल्यानं नाक पुसलं.

सवयीनं गप्पबसेंच्या ओठांवर 'हो हो' आलं होतं. ते त्यांनी गिळलं, यंत्र कानात बसवलं आणि चालू केलं.

"मला ऐकू आलं नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "पहिल्यापासून सांग."