तिसऱ्या आग्रहाची वाट

एका जंगलात पाण्याखेरीज सगळं काही होतं. एक मोठा खड्डा होता, त्याला तळं म्हणत. तळ्याला समिती होती. समितीला अध्यक्ष होते. पण पावसाळ्यात भरलेलं पाणी उताराने वाहून जाई आणि होळीपर्यंत चिखल तेवढा उरे. मुलांनो, एकदा चिखल पिऊन पाहा, म्हणजे ही गोष्ट लवकर कळेल.

शेवटी वनराज वाघांनी फर्मान काढलं. दूर परदेशात बीव्हर नावाच्या प्राण्यांचं शहर आहे. ते दातांनी झाडं पाडतात आणि ओढ्यावर बांध घालतात. कुणीतरी तिकडे जाऊन ही विद्या घेऊन यावी.

निवड झाली तळे-खात्यातल्या गुणवंतराव अस्वलांची. त्यांना खणता येत होतं आणि वरिष्ठांना नाही म्हणता येत नव्हतं.

"रिकाम्या हातांनी आलात तर नोकरी विसरा," वाघ म्हणाले.

गुणवंतरावांना नोकरीपेक्षा पाण्याची काळजी होती. त्यांच्या धाकट्या पिलाचं पोट त्या चिखलाने सारखं बिघडे.

निघताना त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंनी डिंकाचे लाडू आणि मधाची बरणी बांधून दिली. वर बजावलं, "अहो, परक्यांकडे जाताय. विचारल्याबरोबर हो म्हणू नका. दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की मग 'बरं, अगदी थोडंसं' म्हणायचं. नाहीतर हावरट म्हणतील आपल्या जंगलाला."

"एवढं कळतं मला," गुणवंतराव म्हणाले. ते चांगल्या घरचे अस्वल होते.

परदेशी शहराच्या वेशीवर एक बदक पहाऱ्याला होतं. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा तिथला नियम. बदकाने लाडू काढून घेतले. बरणीही काढून घेतली. दोन दिवसांच्या प्रवासाने थकलेले गुणवंतराव रिकाम्या पोटी शहरात शिरले.

समोर त्यांना घ्यायला हिल्डा उभ्या होत्या. बीव्हरांच्या मुख्य इंजिनिअर. त्यांनी घरी नेलं आणि टेबलावर गरम पेज, भाजलेली कंदमुळं आणि ताज्या बोरांचं टोपलं मांडलं.

"जेवणार?" हिल्डांनी विचारलं.

"छे, छे! कशाला उगाच? खाऊनच निघालो होतो."

"बरं," हिल्डा म्हणाल्या आणि टेबल आवरलं.

गुणवंतराव बघतच राहिले. टोपलं कपाटात गेलं. कपाट बंद झालं. आता उघडेल, मग उघडेल, म्हणून ते बराच वेळ कपाटाकडे तोंड करून बसले. हिल्डांना वाटलं, पाहुण्यांना लाकूडकाम आवडतं.

दुसऱ्या दिवशी हिल्डा म्हणाल्या, "बांधाचा पाया कसा घालतात, दाखवू?"

गुणवंतरावांचा जीव त्यासाठीच तर तळमळत होता. पण जिभेचं वळण लहानपणापासूनचं. "राहू द्या हो. तुम्हाला कशाला त्रास!"

"बरं," म्हणून हिल्डा कामाला निघून गेल्या.

असे पाच दिवस गेले. रोज एकदा विचारणं आणि रोज एकदा नको. दुसऱ्यांदा विचारायची पद्धतच त्या शहरात नव्हती. नको म्हणजे नको, असं ते साधे जीव समजत. गुणवंतरावांनी बागेतली मुळं उकरून पोटाची आग विझवली. रोज सकाळी ते ठरवत, आज पहिल्याच झटक्याला हो म्हणायचं. आणि रोज तोंडातून निघे, "छे, छे!"

शेवटच्या दिवशी हिल्डांनी बांधाच्या नकाशांची गुंडाळी पुढे केली. "हे नेता का?"

"आता एवढं ओझं..." गुणवंतराव म्हणाले, आणि गुंडाळी परत फळीवर गेली. त्यांना रडू आलं. हिल्डांना वाटलं, पाहुणे फार लळा लावून घेतात.

वेशीवर निरोप घेताना गुणवंतराव रीतीप्रमाणे म्हणाले, "आता आमच्याकडे या हं एकदा. नक्की या. सगळ्यांनी या."

हिल्डांनी वही काढली. "कधी?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "कधीही! आपलंच घर आहे."

"किती दिवस राहू?"

"हवे तितके राहा!"

हिल्डांनी सगळं लिहून घेतलं.

गुणवंतराव परतले. वाघांनी विचारलं, "काय आणलंत?"

"काही नाही, महाराज."

"नोकरीवरून कमी का करू नये, याचा खुलासा आठ दिवसांत द्या."

घरी मनोरमाबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तिसऱ्यांदा विचारलंच नाही त्यांनी?"

"दुसऱ्यांदाही नाही गं."

"काय बाई तरी लोक!"

आठव्या दिवशी सगळं जंगल खुलासा ऐकायला तळ्याकाठी जमलं. गुणवंतराव मान खाली घालून उभे राहिले. इतक्यात झाडीतून चाळीस बीव्हर बाहेर आले. पोराबाळांसकट. पुढे हिल्डा.

"बोलावलंत, म्हणून आलो," त्या म्हणाल्या.

जंगलात एकच धावपळ उडाली. या म्हटलं, की खरोखर यायचं असतं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. हिल्डा मात्र तळ्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"पावसाचं पाणी या बाजूने वाहून जातं. बांध घालून देऊ?"

"छे, छे!" कोल्हा म्हणाला. "पाहुण्यांना कामाला लावायचं? शोभतं का?" सांबर म्हणालं. "कशाला त्रास!" खुद्द वाघ म्हणाले. मग तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत सगळे गोड हसत उभे राहिले.

"बरं," हिल्डा म्हणाल्या आणि वळल्या.

त्या "बरं"चा अर्थ तिथे एकट्या गुणवंतरावांना माहीत होता. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. तो पोट धरून बसला होता. आईवडील, आजोबा, सगळं घराणं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"हो!" ते ओरडले. "घाला बांध! आजच घाला!"

मनोरमाबाईंनी तोंडाला पदर लावला.

बीव्हरांनी बारा दिवसांत बांध घातला. जेवायला विचारलं की ते लगेच हो म्हणत आणि पोटभर जेवत. पुढच्या पावसात तळं भरलं आणि होळी उलटून गेली तरी भरलेलंच राहिलं. धाकट्याचं पोट बरं झालं.

वाघांनी गुणवंतरावांना नोकरीवरून काढलं. कारण दिलं, पाहुण्यांसमोर जंगलाची अब्रू घालवली. संध्याकाळी तळ्यावर पाणी प्यायला आलेले प्राणी आजही तोंड पुसत एकमेकांना सांगतात, "पहिल्याच विचारण्याला हो म्हणाला हो! एवढी कसली ती तहान!"

तात्पर्य : पहिल्याच खेपेला हो म्हणणाऱ्याची चारचौघांत लाज काढावी. त्याने अडवलेलं पाणी मात्र कुणी आग्रह करायची वाट न पाहता प्यावं.