नाचणबाईंची शेपटी

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांनाच वाजवता येत होतं आणि हीच तिथली मोठी अडचण होती.

संध्याकाळ झाली की तळ्याकाठी वादक जमत. सुतारपक्षी पोकळ खोडावर ठेका धरी. बेडूक खर्ज लावत. रातकिडे किर्रकिर्र करून सूर भरत. अस्वल वाळलेल्या भोपळ्यात तोंड घालून फुंकत बसे. प्रत्येक जण उत्तम वाजवी, फक्त प्रत्येकाचं गाणं वेगळं असे. ऐकायला आलेली हरणं थोडा वेळ सभ्यपणे बसत आणि मग चरायचं निमित्त काढून उठून जात.

त्याच जंगलात एक नाचण राहायची. नाचण म्हणजे चिमणीएवढा पक्षी, पण शेपटी बघावी तर हातपंख्यासारखी. ती शेपटी फाडकन उघडायची, एक गिरकी घ्यायची आणि शेपटी मिटायची. का, ते ऐका. शेपटी फडकली की पानाआड बसलेली चिलटं दचकून उडतात. उडालं की चिलट तोंडात. थोडक्यात, तिचं सगळं नाचणं जेवणासाठी होतं. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

एका संध्याकाळी तळ्यावर चिलटं फार झाली. नाचण वादकांच्या समोरच्या बुंध्यावर येऊन बसली आणि तिने शेपटी उघडली. सुतारपक्ष्याला वाटलं, ही बाई आपल्याला ‘चला’ म्हणते आहे. त्याने ठेका धरला. नाचण डावीकडे उडाली. डावीकडे बेडूक होते. त्यांना वाटलं, आता आपली पाळी. नाचण उजवीकडे वळली, तसे रातकिडे शिरले. तिने शेपटी मिटली आणि सगळे एकदम थांबले.

जंगलात पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून एक गाणं वाजवलं होतं.

“वन्स मोअर!” फांदीवरून वानरं ओरडली.

नाचण दचकून मागे वळली. तोंडात चिलटं होती, त्यामुळे बोलता येईना. तिने मान खाली घालून आधी घास गिळला.

“किती नम्र आहे बघा!” हरणं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अस्वल तिच्या झाडाखाली आलं. “नाचणबाई, तुम्ही रोज याच. आमच्यात कोणी कोणाचं ऐकत नाही हो. मानधन काय द्यायचं?”

“मानधन नको, अस्वलदादा. फक्त कार्यक्रम दमट जागीच ठेवा.”

दमट हवेत सूर चांगला लागत असणार, असं अस्वलाने सगळ्यांना समजावून सांगितलं.

तर अशा रीतीने आपली नाचण वाद्यवृंदाची संचालिका झाली. आता आपणही तिला अहो-जाहो करायला हवं. नाचणबाई लोकांच्या आवडीची गाणी बसवत. म्हणजे लोकांना आवडे, वादक वाजवत आणि बाई जेवत. पाठ लोकांकडे असल्यामुळे लोकांना फक्त शेपटी दिसे आणि सगळ्या कौतुकाचा मान शेपटीला मिळे. मोरसुद्धा मागच्या रांगेत येऊन बसू लागला. तसा तो कोणाच्या शेपटीला चांगलं म्हणणाऱ्यांतला नव्हता.

साळिंदरपंत त्या जंगलातले समीक्षक होते. लेखण्या अंगावरच उगवत असल्यामुळे लिहिण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. त्यांनी लिहिलं, ‘दुसऱ्या कडव्यानंतर नाचणबाई अचानक उजवीकडे झेपावल्या, तो परंपरेविरुद्धचा उघड विद्रोह होता.’

उजवीकडे त्या वेळी एक जाडजूड चिलट होतं.

हे सगळं असंच सुखात चाललं असतं. पण सिंहाच्या घरी छावा झाला आणि बारशाला नाचणबाईंचा कार्यक्रम ठरला. निरोप घेऊन कोल्हा आला.

“गाणं आवडलं तर महाराज तुम्हाला राजसंचालिका करणार आहेत, बाई.”

“आणि नाही आवडलं तर?”

कोल्ह्याने छान हसून बाईंची तब्येत विचारली आणि तो गेला.

बाई विचार करू लागल्या. आजवर ऐकणारे होते हरणं आणि वानरं. सिंहाने भर सभेत तालाबद्दल काही विचारलं तर काय सांगायचं? त्या तडक कासवगुरुजींकडे गेल्या. कासवगुरुजी म्हणजे त्या जंगलातले सगळ्यात जुने गवई. त्यांचा एक आलाप ऐकायला बसलेली माणसं, म्हणजे प्राणी, मध्येच पिल्लांची लग्नं उरकून परत येऊन बसत.

“गुरुजी, मला ताल शिकवा.”

“अगं, सगळं जंगल म्हणतं, तुला येतो.”

“सगळं जंगल फसलंय, गुरुजी. मी तिथे जेवायला जाते.”

गुरुजी हसले. ते सावकाश हसत, त्यामुळे दुपार त्यातच गेली. मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

आणि मुलांनो, खरं सांगायचं तर नाचणबाई मन लावून शिकल्या. मात्रा शिकल्या, सम शिकल्या. एक दिवस लांबून सुतारपक्ष्याचा ठेका ऐकू आला आणि त्यांना पहिल्यांदाच कळलं, की हा किती गोड वाजवतो. इतके दिवस आपण याच्यासमोर उभं राहून नुसतं खात होतो! त्यांना फार लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं.

“गुरुजी, शब्द देते,” त्या म्हणाल्या. “यापुढे कार्यक्रमात एकाही चिलटाला चोच लावणार नाही.”

बारशाचा दिवस उजाडला. बाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. संध्याकाळी त्या बुंध्यावर चढल्या, सिंहाला आणि पुढेच बसलेल्या गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि शिकल्याप्रमाणे शेपटी हलवली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. कुठे चूक नाही की कुठे घाई नाही.

वादकांनी थोडा वेळ बाईंकडे पाहिलं. पुढे काय होणार हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पाहणं सोडून दिलं. पूर्वी बाई कधी कुठे उडी मारतील याचा नेम नसे, म्हणून सगळे डोळ्यांत तेल घालून बसत. आता बेडूक घरच्या गोष्टी आठवू लागले. अस्वलाला भोपळ्यातच झोप लागली आणि त्याच्या घोरण्याचा सूर बरा लागला, म्हणून कोणी त्याला उठवलंही नाही.

सिंहाने जांभई दिली. सिंहाची जांभई लांबून पाहणं वेगळं आणि समोरून पाहणं वेगळं. बाईंना पार आतलं दिसलं. कोल्हा हळूच पुढे सरकला.

तेवढ्यात तळ्याकडून चिलटांचा थवा आला आणि सिंहाच्या आयाळीभोवती घोंगावू लागला. बाईंच्या पोटात कावळे ओरडत होते. ‘नाही,’ त्या स्वतःला म्हणाल्या. ‘गुरुजींना शब्द दिलाय. एक, दोन, तीन...’

एक टपोरं चिलट त्यांच्या अगदी चोचीसमोरून गेलं.

फाडकन शेपटी उघडली! सुतारपक्षी दचकला आणि जिवाच्या आकांताने खोड बडवू लागला. बाई डावीकडे झेपावल्या, बेडूक डराँव करून उठले. उजवीकडे गिरकी, रातकिडे तारस्वरात! अस्वलाने जागं होऊन घाबरून असं काही फुंकलं, की भोपळ्यातून आजवर न निघालेला सूर निघाला. हरणं ठेका धरू लागली. आणि शेवटी एकच चिलट उरलं. ते जाऊन बसलं थेट महाराजांच्या नाकावर.

बाईंनी उडी घेतली. चिलट टिपलं. शेपटी मिटली. सगळी वाद्यं जागच्या जागी थांबली.

नाचणबाई महाराजांच्या नाकावर उभ्या होत्या.

मग पाळण्यातला छावा खुदकन हसला. त्याच्याकडे पाहून सिंह हसला. आणि महाराज हसले म्हटल्यावर सगळं जंगल हसलं, टाळ्या पिटू लागलं.

“वन्स मोअर!” सिंह गरजला.

बाईंनी मान खाली घातली, घास गिळला आणि खरं तेच सांगितलं. “महाराज, आता पोट भरलं.”

“वा!” साळिंदरपंतांनी डोळे पुसले. “कलावंताची तृप्ती याहून साध्या शब्दांत कोणी सांगितली नसेल!”

राजसंचालिकेचा हार गळ्यात घेऊनच नाचणबाई कासवगुरुजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“गुरुजी, मी शब्द मोडला.”

“मोडलास खरा.”

“पण पहिलं गाणं तुम्ही शिकवलं तसंच झालं ना? ते कसं वाटलं?”

“उत्तम झालं, बाळ,” गुरुजी मनापासून म्हणाले. “काय गाढ झोप लागली मला!”

अजूनही नाचणबाई सकाळी गुरुजींकडे जाऊन ताल शिकतात आणि संध्याकाळी तळ्याकाठी जेवतात. दोन्हींमुळे त्या फार आनंदात असतात.

तात्पर्य : विद्यार्थ्यांनी अभ्यास जरूर करावा, पण तो घरी ठेवून कार्यक्रमाला उपाशी पोटी जावं. लोक त्याला प्रतिभा म्हणतात. चिलटांचं मत अजून कोणी विचारलेलं नाही.